नकाशावर बाण नव्हता तेव्हाचे गेम



आजचा विषय बघून काही जण भुवया उंचावतील. गेम म्हटलं की आपल्याला पब्जी आठवतो, सप्टेंबर २०२० मधली त्याच्यावरची बंदी आठवते आणि रात्री पांघरुणाखाली चमकणारा मोबाईल आठवतो. पण मला लिहायचंय ते त्याच्या बऱ्याच आधीच्या गेमबद्दल. एकाच काल्पनिक जगात देशोदेशीची हजारो माणसं एकाच वेळी वावरताहेत, कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी नुसताच मासे पकडणारा, असे ते ऑनलाइन गेम. आज तिशी-चाळिशीत असलेली माणसं त्यांच्या आठवणीनं हळवी होतात. नुसती हळवी होऊन थांबत नाहीत, तर जुना गेम जसा होता तसा परत मागतात, आणि कंपन्यांना तो द्यावा लागतो.

हे शाळेच्या ब्लॉगवर कशाला? तर याच गेममधून आलेल्या गोष्टी आपण वर्गात रोज वापरतोय म्हणून. गुण साठवा, पुढच्या लेव्हलला जा, बॅज मिळवा, यादीत वर या. अभ्यासाचं कुठलंही ॲप उघडा, हेच दिसेल. माझं म्हणणं असं की त्या गेममधून उचलण्यासारखी जी गोष्ट होती ती आपण तिथेच ठेवली आणि भलतीच घेऊन आलो.

मी डी.एड.ला होतो तेव्हाची गोष्ट. साधारण २००५. एस.टी. स्टँडसमोर एका गाळ्यात सायबर कॅफे होता, तासाला पंधरा रुपये. तिथे एका मित्रानं मला रूनस्केप दाखवला. इंग्लंडमधल्या गॉवर भावांनी जानेवारी २००१ मध्ये सुरू केलेला हा गेम. ब्राउझरमध्येच चालायचा, कॉम्प्युटरवर वेगळं काही टाकावं लागायचं नाही, म्हणून कॅफेवाल्याचीही कटकट नसायची.

त्यातलं अगदी सुरुवातीचं काम काय, माहितीये? लंब्रिज गावच्या किल्ल्यातला आचारी रडकुंडीला आलेला असतो. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय आणि सामान नाही. एक अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ आणून द्या म्हणतो. बस, एवढंच. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. अंड्यासाठी कोंबड्यांचा वाडा शोधायचा, दुधासाठी गाय शोधायची. पिठाचं तर विचारूच नका. शेतात जाऊन गहू तोडायचा, पवनचक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर चढायचं, आपल्या गिरणीत वर धान्य ओततात ना, तसं तिथे तो ओतायचा आणि खाली येऊन भांड्यात पीठ भरून घ्यायचं. मी गहू ओतला, खाली आलो, पीठ नाही. परत वर गेलो, परत खाली आलो. नाहीच. अर्धा तास, म्हणजे साडेसात रुपये गेले. शेवटी तिथून जाणाऱ्या एकाला मोडक्या इंग्रजीत विचारलं. त्यानं टाइप केलं, वरचा दांडा ओढ. ओढला, आणि पीठ आलं! तो माणूस कुठल्या देशातला होता, लहान होता की मोठा, मला आजही माहीत नाही. पण दांडा मी विसरलेलो नाही. डी.एड.ला पाठ केलेल्या कितीतरी व्याख्या मात्र साफ विसरलोय.

पुढे मी शेवंड पकडून विकायला लागलो. विकायची म्हणजे वॅरॉक शहरातल्या बँकेपाशी उभं राहून आपल्याकडे काय आहे, भाव काय, ते सारखं टाइप करत राहायचं. शंभर जण एकदम ओरडताहेत, भाव पाडताहेत, फसवताहेत, मधेच कुणी गंमत करतोय. अगदी आठवडी बाजार. नोव्हेंबर २००७ मध्ये कंपनीनं तिथे ग्रँड एक्स्चेंज आणलं. माल टाकायचा, किंमत टाकायची आणि निघून जायचं. गिऱ्हाईक आपोआप मिळतं, तोंड उघडायची गरज नाही. सोय झाली यात शंकाच नाही. बाजार मात्र उठला.

थोडं मागं जाऊ. या सगळ्याची सुरुवात १९७८ साली इंग्लंडमधल्याच एसेक्स विद्यापीठात झाली. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं मड नावाचा गेम लिहायला घेतला आणि पुढे तो रिचर्ड बार्टल यांच्या हाती आला. चित्र एकही नाही, नुसता मजकूर. तुम्ही एका अरुंद रस्त्यावर उभे आहात, पूर्वेला अमुक, दक्षिणेला तमुक, असं पडद्यावर यायचं आणि आपण काय करणार ते शब्दांत लिहायचं. लेव्हलची आणि अनुभवाच्या गुणांची कल्पना त्याआधीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या कागदावरच्या खेळातली, १९७४ ची. मडमध्ये ती आली आणि तिथून सगळीकडे पसरली.

आता यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मडमध्ये गुण साठवत साठवत शेवटची पातळी गाठली की खेळाडू विझार्ड व्हायचा. त्याचं बक्षीस म्हणजे कुठलं पदक नव्हतं. बाकीच्यांच्या हातात नसलेले अधिकार त्याला मिळायचे आणि ते जग सांभाळण्यात त्याचा हात लागायचा. म्हणजे गुण कशासाठी, तर शेवटी जबाबदारी मिळावी म्हणून. आपल्या भिंतीवरच्या स्टार-तक्त्याच्या शेवटी काय असतं? आणखी एक स्टार!

याच बार्टल यांनी १९९६ मध्ये एक लेख लिहिला. खेळायला येणारे चार प्रकारचे असतात म्हणाले. गुण मिळवणारे, जग धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्याला त्रास देण्यात मजा वाटणारे. वाचताना मला माझा सहावीचा वर्गच दिसला. पहिल्या बाकावरची दोघं पहिल्या प्रकारातली, खिडकीतून बाहेर बघणारा दुसऱ्या प्रकारातला, डबा वाटून खाण्यासाठीच शाळेत येणाऱ्या तिघी-चौघी तिसऱ्या. चौथे कोण, ते तुमचं तुम्हालाच माहीत! अर्थात बार्टल यांनी हे मडसारख्या खेळांपुरतं लिहिलं होतं, मुलांना शिक्के मारायला नव्हे. पण एक तरी विचारावं, की स्टार-तक्ता चौघांपैकी किती जणांसाठी असतो?

जाता जाता एक गंमत. गेममधल्या आपल्या रूपाला जगभर अवतार म्हणतात, तो शब्द आपलाच. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ च्या अल्टिमा मालिकेतल्या गेमच्या नावात तो होता आणि १९८६ च्या लुकासफिल्मच्या हॅबिटॅट गेममध्ये खेळाडूच्या पडद्यावरच्या रूपाला अवतारच म्हणत. आमच्याकडे मात्र आई "काय हा अवतार!" म्हणायची ते चिखलात खेळून आल्यावर.

याच गॅरियट यांच्या कंपनीनं सप्टेंबर १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आणला, अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनमधून. विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे लक्ष द्या. यात त्यांनी खरीखुरी अन्नसाखळी रचली होती. गवत खाणारे प्राणी, त्यांना खाणारे प्राणी, एकाची संख्या घटली की दुसरा भुकेनं गावाकडे वळणार, असा हिशोब. झालं काय, तर खेळाडू आत शिरले आणि जे हलताना दिसलं ते मारत सुटले. ससे राहिले नाहीत, हरणं राहिली नाहीत. साखळी चालायला वेळच मिळाला नाही आणि ती व्यवस्था काढून टाकावी लागली. माणूस आला आणि जंगल संपलं, हा धडा कुणी लिहून दिला नव्हता, तो आपोआप घडला. गेम बाजारात यायच्या आधी चाचणी चालू असताना तर एका खेळाडूनं खुद्द गॅरियट यांच्या पात्राला, म्हणजे त्या जगाच्या राजालाच, जाळून मारलं. सगळ्यांसमोर!

तिथे खेळाडू खेळाडूंनाही लुटायचे, मारायचे. नवा माणूस गावाबाहेर पडला की आडवा झालाच. शेवटी २००० साली कंपनीनं जगाच्या दोन प्रती केल्या, एक जुनी धोक्याची आणि एक सुरक्षित. लोकांनी काय निवडलं असेल? बहुतेकांनी सुरक्षित जग निवडलं. आणि जुने खेळाडू अजून त्या धोक्याच्या जगाच्याच गोष्टी सांगतात. मला यात ढोंग वाटत नाही. आपणही विहिरीत पोहायला शिकलो ते कौतुकानं सांगतो आणि पोराला मात्र फ्लोट लावून तरण तलावात सोडतो.

पण माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा गेम म्हणजे मार्च १९९९ चा एव्हरक्वेस्ट. किती त्रासदायक होता तो! मेलात की मिळवलेला अनुभव कमी व्हायचा आणि तुमचं सगळं सामान प्रेतावरच राहायचं. ते परत घ्यायला हात हलवत त्याच धोक्याच्या जागी जायचं. माणसाच्या वंशाचं पात्र घेतलं असेल तर रात्री डोळ्यापुढे काळोख, दिवा लागायचा. एका खंडातून दुसऱ्या खंडात जायला बोट, आणि बोटीची वाट बघत धक्क्यावर उभं राहायचं. एकट्यानं फार पुढे जाताच यायचं नाही.

आणि म्हणूनच माणसं एकमेकांशी बोलायची. दूरच्या ठिकाणी चटकन पोहोचवण्याचा मंत्र फक्त जादूगार आणि ड्रुइड यांच्याकडे, म्हणून लोक त्यांना गाठायचे, पैसे द्यायचे. मेलेल्याचा गेलेला अनुभव बराचसा परत मिळवून देणारा वैद्य, त्याची मनधरणी करायची. बाजार तर कंपनीनं बांधलाच नव्हता. ईस्ट कॉमनलँड्स भागात एक बोगदा होता, खेळाडूंनीच तिथे जमायला सुरुवात केली आणि तो बाजार झाला. ही देवाणघेवाण इतकी खरी होती की एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये त्या काल्पनिक जगाचं दरडोई उत्पन्न काढलं, ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधलं आलं.

म्हणजे बघा, अडचण होती ती दोन माणसांच्या मधोमध ठेवलेली होती. तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही, म्हणून मला तुझ्याकडे यावं लागतं. त्या खेळांचा जीव गुणांत नव्हता, तो इथे होता.

नोव्हेंबर २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला आणि त्यानं हे काटे एकेक करून काढले. मेलात तरी अनुभव जात नाही, सामान अंगावरच राहतं. कुणाकडे काम आहे ते त्याच्या डोक्यावरच्या पिवळ्या उद्गारचिन्हावरून कळतं. करोडो लोक आले. पुढे डिसेंबर २००९ मध्ये एक बटण आलं. दाबलं की चार अनोळखी जोडीदार आपोआप मिळतात, तेही वेगवेगळ्या सर्व्हरवरचे, आणि थेट गुहेच्या आत नेऊन सोडतात. त्याआधी आपल्याच सर्व्हरवरची माणसं शोधावी लागायची आणि कुणी लूट घेऊन पळाला तर त्याचं नाव गावभर व्हायचं. बटण आल्यावर नाव कमवायची गरज उरली नाही, गमवायची भीतीही नाही. काम झालं की नमस्कार न करता निघून जायचं.

यातला एकेक बदल मला चुकीचा म्हणता येत नाही. दिवसभर नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्यानं चाळीस मिनिटं जोडीदार शोधत का बसावं? पण सगळे बदल झाल्यावर जे उरलं त्यात शेजारी उरला नाही.

मग लोकांना जुनं हवंसं वाटू लागलं. २०१३ मध्ये रूनस्केपच्या कंपनीनं मत मागवलं, ऑगस्ट २००७ मधली जपून ठेवलेली प्रत परत सुरू करू का? जवळजवळ साडेचार लाख मतं पडली. ती जुनी आवृत्ती आज नव्या आवृत्तीहून जास्त खेळली जाते. तिच्यात नवं काही घालायचं तर आधी खेळाडूंचं मतदान होतं, आणि साधं बहुमत चालत नाही, सुरुवातीला तर पंचाहत्तर टक्के लागायचे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवाल्यांना २०१३ मध्ये एका कार्यक्रमात कुणीतरी हेच विचारलं होतं, तेव्हा उत्तर आलं की तुम्हाला ते हवंय असं वाटतं, पण ते तुम्हाला नकोय. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनीच ते आणलं.

आणि इथे खरी मेख आहे. २००४-०५ मध्ये त्या गेममधल्या मोल्टन कोर गुहेतल्या शेवटच्या राक्षसाला मारायला जगातल्या सगळ्यात तरबेज गटाला पाच महिने लागले होते. २०१९ मध्ये आठवडाभरात तो मेला. गुहा तीच, राक्षस तोच. फरक काय? यावेळी सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुठे उभं राहायचं, काय घालायचं, सगळं लिहून ठेवलेलं. म्हणजे जुना गेम परत आणता येतो, पण कुणालाच काही माहीत नसणं परत आणता येत नाही. लोक ज्याच्यासाठी हळवे होतात ते बहुधा हेच.

आता शाळेत येतो. तीन वर्षांपूर्वी मी वर्गात मोठ्या हौसेनं गुणतक्ता लावला. गृहपाठाला दहा, उत्तराला पाच, वही नीटनेटकी असेल तर पाच. पहिले पंधरा दिवस काय उत्साह होता म्हणून सांगू! दोन महिन्यांनी चित्र असं होतं की वरचे पाच जण एकमेकांवर लक्ष ठेवून होते आणि खालचे वीस जण तक्त्याकडे बघतच नव्हते. एक दिवस मी विचारलं, शेजारच्याला भागाकार समजावून सांगशील का? पोरगा म्हणाला, "सर, त्याचे किती गुण?" त्याची काय चूक? त्याला मीच शिकवलं होतं.

तक्ता मी त्याच आठवड्यात काढला. मग बोगद्याची आठवण झाली, आणि जिगसॉ पद्धतीचीही. ही पद्धत एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये शाळेतच सुरू केली. कृष्णवर्णीय आणि गोरी मुलं नव्यानं एका वर्गात आली होती, पटत नव्हतं, तेव्हा त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होणारच नाही. गाव कुठलं? ऑस्टिन, टेक्सास. अल्टिमा ऑनलाइन जिथे जन्मला तेच. योगायोगच, पण मला आवडतो.

आम्ही आमच्या गावच्या पाण्यावर पाठ घेतला. एकाकडे विहिरींची यादी, एकीकडे पावसाचे आकडे, एकाकडे आजोबांनी सांगितलेली दुष्काळाची हकिकत, एकीकडे टाकीचा नकाशा. कागद दाखवायचा नाही, तोंडानं सांगायचं. आवाज इतका झाला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या. पाठ पुरा झाला नाही, तास संपला. दोन गट भांडले. पण दुसऱ्या दिवशी, ज्या मुलाशी एरवी कुणी बोलत नाही त्याच्याकडे विहिरींची यादी होती म्हणून चार जण त्याच्याभोवती होते. अशा तासांनी निकाल किती सुधारतो ते माझ्याकडे मोजलेलं नाही. तासांचं नियोजन बिघडतं एवढं नक्की.

जुन्या गेमची आरती ओवाळतोय असं वाटत असेल तर तेही खरं नाही. एव्हरक्वेस्टला लोक चेष्टेनं एव्हरक्रॅक म्हणायचे, म्हणजे नशेचंच नाव. तासन् तास एकाच जागी बसून तोच प्राणी पुन्हा उगवायची वाट बघायची, हे खेळणं नव्हे, हमाली होती. मी स्वतः एकदा पाठ टाचण न काढता सरावपाठाला गेलो, कारण आदल्या संध्याकाळी शेवंड पकडत होतो. निरीक्षक मॅडमनी वर्गासमोर जे सुनावलं ते अजून कानात आहे. आज मोबाईलवर रोज हजेरी लावली तर बक्षीस, पेटीत काय निघेल ते नशिबावर, हे जे चालतं तेही याच घराण्यातलं, बरं का. वारसा म्हटला की कर्जही आलंच.

परवा मुलीला मोबाईलवर तोच जुना रूनस्केप दाखवला. ती नववीत आहे. आचारी भेटला, केकची गोष्ट झाली. तिचा पहिला प्रश्न, "बाबा, बाण कुठे दिसतो?" नाही म्हटलं. वैतागली, पण निघाली. कोंबडी सापडली, गाय सापडली, गहू घेऊन पवनचक्कीत वर गेली, ओतला, खाली आली. पीठ नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं. बायको आतून म्हणाली, "अहो, सांगा ना तिला, जेवायचंय." मी गप्प बसलो.

मग तिनं आजूबाजूला उभ्या असलेल्यांना लिहून विचारायला घेतलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. ऑनलाइन अनोळखी माणसांशी बोलायचं नाही, हे तिला मीच दहा वेळा बजावलंय, शाळेत तर त्यावर माझं भाषणच असतं. तिनं माझ्याकडे बघितलं, विचारू का, अशा नजरेनं. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, विचार.